जावा प्रोग्राम चालवताना लायब्ररी सापडत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावा प्रोग्राम सुरू होताच किंवा मध्येच एखादी लायब्ररी न मिळाल्यामुळे बंद पडला, अशा आशयाचे जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने एकत्र केले आहेत. आज्ञा, क्लासची नावे आणि त्रुटींचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते मूळ रोमन अक्षरांतच टाइप करावे लागतील.

१. प्रोग्राम एकही चूक न दाखवता कंपाइल होतो, मग चालवताना लायब्ररी नाही असे का सांगतो?

कंपाइल करणे आणि चालवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि प्रत्येक काम आपल्यापुरत्या लायब्ररी स्वतः शोधते. 'जावासी' या कंपाइलरला जार फाइल (लायब्ररीचे क्लास एकत्र बांधलेली फाइल) दाखवली की तो तिच्यातील क्लास आणि मेथड तपासतो, पण तयार होणाऱ्या क्लास फाइलमध्ये लायब्ररीचा कोड उतरवून घेत नाही. तेथे केवळ नावे लिहून ठेवतो. पुढे 'जावा' ही आज्ञा दिली की जेव्हीएम, म्हणजे प्रोग्राम चालवणारे जावाचे आभासी यंत्र, ती नावे वाचते आणि क्लासपाथवर, म्हणजे क्लास जेथे शोधायचे त्या जागांच्या यादीत, शोधू लागते. कंपाइल करताना आपण कोणती जार दाखवली होती, हे तिला ठाऊक नसते. म्हणून जी जार 'जावासी'ला दिली तीच 'जावा'लाही द्यावी लागते. एकदा दिली म्हणजे भागले, हा समज या पानावरील निम्म्या प्रश्नांच्या मुळाशी आहे.

यातच आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. जेव्हीएम सगळी नावे सुरुवातीलाच शोधत नाही; क्लासची प्रत्यक्ष गरज पडते तेव्हाच सहसा तो शोधला जातो. त्यामुळे पीडीएफ बनवणारी जार नसली तरी प्रोग्राम सुरू होतो, दिवसभर चालतो, आणि संध्याकाळी कोणी 'अहवाल काढा' हे बटण दाबले की कोसळतो. 'कालपर्यंत चालत होता' या तक्रारीत म्हणूनच फारसा पुरावा नसतो. काल त्या वाटेने कोणी गेले नव्हते, एवढाच बहुधा तिचा अर्थ असतो.

२. क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन आणि नोक्लासडेफफाउंडएरर यांत फरक काय? दोन्ही एकच सांगतात ना?

क्लास मिळाला नाही हे दोन्ही सांगतात, पण तो मागितला कोणी, हे वेगवेगळे असते. क्लासचे नाव मजकूर म्हणून दिलेले असते, म्हणजे 'क्लास.फॉरनेम'ला दिलेले किंवा एखाद्या एक्सएमएल वा प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहिलेले, तेव्हा क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन येते. कंपाइलरने ते नाव कधीच तपासलेले नसते, म्हणून येथे स्पेलिंगची चूक ही पहिली शंका घ्यावी. नोक्लासडेफफाउंडएरर मात्र कंपाइल झालेल्या कोडमध्ये उल्लेख असलेला क्लास चालवताना मिळाला नाही की येते. तो क्लास कंपाइल करताना हजर होता, म्हणून स्पेलिंगऐवजी क्लासपाथकडे वळावे.

ओळखण्याची एक सोपी खूणही आहे. पहिल्या प्रकारात नाव टिंबांनी जोडलेले दिसते, 'कॉम.गूगल.जीसन.जीसन' असे, दुसऱ्या प्रकारात तिरप्या रेघांनी, 'कॉम/गूगल/जीसन/जीसन' असे. अनेकदा दुसऱ्या त्रुटीच्या पोटात 'कॉज्ड बाय' म्हणून पहिलीही छापलेली असते, आणि लांबलचक संदेशात सर्वांत खालचे 'कॉज्ड बाय' आधी वाचावे, हा नियम येथेही लागू पडतो.

नोक्लासडेफफाउंडएररचे दोन प्रकार मात्र फसवे आहेत. संदेशात 'राँग नेम' असे शब्द असतील तर प्रश्न ७ पाहावा, आणि 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास' असे असेल तर प्रश्न १५. या दोहोंत जार हरवलेली नसते.

३. संदेशात फक्त क्लासचे नाव दिसते. तो क्लास कोणत्या जारमध्ये असतो हे कसे कळावे?

पॅकेजचे नाव हा पहिला धागा असतो. 'ओआरजी.अपाचे.कॉमन्स.लँग३' पाहिले की कॉमन्स लँग हे कळते. नावावरून अंदाज येत नसेल तर मेव्हन सेंट्रल या जावा लायब्ररींच्या ऑनलाइन भांडाराच्या शोधपानावर क्लासच्या पूर्ण नावाने शोध घेता येतो. कोणत्या तरी संकेतस्थळावर 'जार डाउनलोड' असा शोध घेऊन मिळेल ती फाइल आणण्यापेक्षा हा मार्ग कधीही बरा, कारण तेथे नेमकी आवृत्ती कळते आणि त्या लायब्ररीला स्वतःला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात तेही कळते.

लायब्ररींचा फोल्डर आपल्याकडे आधीच असेल, तर `जार टीएफ फाइलचेनाव.जार` या आज्ञेने आतील यादी दिसते. जार ही मुळात झिप फाइल असते आणि झिपमध्ये आतील फाइलींची नावे न दाबता, जशीच्या तशी ठेवलेली असतात. म्हणून लिनक्सवर सगळ्या जारींवर `ग्रेप -एल` चालवून तिरप्या रेघांचे नाव शोधले, तरी कोणत्या जारमध्ये तो क्लास आहे हे क्षणात कळते. शंभर जारी असलेल्या फोल्डरमध्ये या युक्तीने बराच वेळ वाचतो.

जावा ८ पासून जेडीकेसोबत (जावाच्या विकास-संचासोबत) 'जेडेप्स' हे साधनही येते. आपल्या जारवर ते चालवले की तिला कोणकोणती पॅकेजे लागतात आणि त्यांतील कोणती मिळत नाहीत याची यादी मिळते. मात्र मजकूर म्हणून लिहिलेली नावे, म्हणजे प्रश्न २ मधील पहिला प्रकार, त्याला दिसत नाही.

४. क्लासपाथ नेमका कसा लिहायचा? विंडोजवर चालणारी आज्ञा लिनक्सवर का चालत नाही?

क्लासपाथ `-सीपी` या पर्यायाने देतात. विंडोजवर त्यातील दोन जागांच्या मध्ये अर्धविराम लागतो. लिनक्स आणि मॅकवर त्याच जागी विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह लागते. विंडोजवर `जावा -सीपी "लिब/*;." डेमो.मेन` असे लिहावे, तर लिनक्सवर `जावा -सीपी "लिब/*:." डेमो.मेन` असे. लिनक्सवर अवतरणचिन्हांशिवाय अर्धविराम दिला तर शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) तेथेच आज्ञा संपली असे समजते. जावा आपली मदतीची लांबलचक यादी छापते आणि उरलेला तुकडा शेल स्वतंत्र आज्ञा म्हणून चालवू पाहते. विंडोजच्या पॉवरशेलमध्येही अर्धविराम आज्ञा तोडतो, म्हणून अवतरणचिन्हे नेहमीच द्यावीत.

वरील उदाहरणातील शेवटचे एकटे टिंब विसरू नये. `-सीपी` दिलेच नाही आणि 'क्लासपाथ' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही नसेल, तर जेव्हीएम चालू फोल्डरमध्ये पाहते. पण यांपैकी एक जरी दिले तरी चालू फोल्डर आपोआप धरला जात नाही. लायब्ररी जोडण्याच्या नादात स्वतःचाच मुख्य क्लास दिसेनासा होतो तो यामुळे.

तारांकित चिन्ह जावा ६ पासून चालते, पण त्याचे नियम कडक आहेत. 'लिब/*' म्हणजे त्या फोल्डरमधील जार फाइली, एवढेच. आतल्या उपफोल्डरांतील जारी त्यात येत नाहीत, सुट्या क्लास फाइलीही येत नाहीत, आणि 'लिब/*.जार' असे लिहिले तर जावाला ते कळतच नाही. अवतरणचिन्हे विसरल्यास लिनक्सचे शेल चिन्हाचा विस्तार करून जारींची सुटी नावे पुढे पाठवते. मग पहिली जार क्लासपाथ ठरते आणि दुसऱ्या जारचे नाव मुख्य क्लासचे नाव म्हणून शोधले जाते.

'क्लासपाथ' हा व्हेरिएबल संगणकावर कायमचा लिहून ठेवण्याचा सल्ला जुन्या टिपणांत आढळतो. आमच्या मते तो पाळू नये. एका प्रोग्रामसाठी लिहिलेला मार्ग दुसऱ्या प्रोग्रामला चुकीची आवृत्ती पुरवतो, आणि तो व्हेरिएबल तेथे आहे हे तोवर कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते.

५. 'जावा -जार' सोबत '-सीपी' सुद्धा दिले, तरी लायब्ररी सापडत नाही. आज्ञा चुकली का?

आज्ञा चुकलेली नाही, पण `-जार` दिले की `-सीपी` आणि 'क्लासपाथ' व्हेरिएबल या दोन्हींकडे पूर्ण दुर्लक्ष होते, आणि तसा इशाराही दिला जात नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात. एक म्हणजे `-जार` सोडून द्यायचे, आपली जारही क्लासपाथमध्ये घालायची आणि मुख्य क्लासचे नाव हाताने लिहायचे. दुसरा म्हणजे जारमधील मॅनिफेस्ट फाइलमध्ये (जारविषयीची माहिती असलेल्या फाइलमध्ये) 'मेन-क्लास' सोबत 'क्लास-पाथ' ही ओळ लिहायची.

या ओळीत जारींची नावे एका जागेच्या अंतराने लिहितात. अर्धविराम नाही, दोन टिंबे नाहीत, तारांकित चिन्हही नाही. मार्ग आपल्या जारच्या जागेपासून मोजला जातो, आज्ञा कोठून दिली त्यावरून नव्हे. एक ओळ ७२ बाइटपेक्षा लांब असू शकत नाही. लांब झाल्यास पुढची ओळ एक जागा सोडून सुरू करावी लागते. फाइलच्या शेवटी एंटर दिलेला नसेल तर अखेरची ओळ नीट वाचली जात नाही. यादीतील एखादी जार त्या जागी नसेल तरी जेव्हीएम गप्प राहते आणि त्या जारमधील क्लास मागितला गेला की मगच तक्रार करते. इतक्या बारीक अटी हाताने सांभाळण्यापेक्षा ही फाइल मेव्हन किंवा ग्रेडल या प्रकल्पाची बांधणी करणाऱ्या साधनांकडून तयार करून घेणे शहाणपणाचे आहे.

६. एक्लिप्समध्ये प्रोग्राम चालतो, पण तीच जार दुसऱ्या संगणकावर नेली की लायब्ररी नाही म्हणते.

एक्लिप्स किंवा इंटेलिजे (कोड लिहिण्या-चालवण्याचे प्रोग्राम) आपल्या प्रकल्पाच्या 'बिल्ड पाथ'वरून लांबलचक क्लासपाथ तयार करून देते. तो आपल्याला दिसत नाही एवढेच. एक्लिप्समधून बाहेर काढताना साधी 'जार फाइल' निवडली तर तीत फक्त आपला कोड येतो. त्याऐवजी 'रनेबल जार फाइल' निवडावी. तेथे लायब्ररींसाठी तीन पर्याय दिसतात : लायब्ररी उलगडून आत मिसळणे, जारी जशाच्या तशा आत ठेवणे, किंवा शेजारच्या फोल्डरमध्ये त्यांची प्रत काढणे. तिसरा पर्याय निवडल्यास तो फोल्डरही सोबत न्यावा लागतो, आणि नेमका तोच मागे राहतो. पहिल्या पर्यायाच्या तोट्यांसाठी प्रश्न १६ पाहावा.

७. 'कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास' असे येते. हीसुद्धा लायब्ररीचीच अडचण आहे का?

बहुधा नाही. क्लास 'डेमो' या पॅकेजमध्ये असेल तर 'डेमो' फोल्डरच्या बाहेर उभे राहून 'डेमो.मेन' असे पूर्ण नाव द्यावे लागते. आत शिरून नुसते 'मेन' म्हटले तर फाइल सापडते, पण तिच्या आत लिहिलेले नाव वेगळे निघते. प्रश्न २ मधील 'राँग नेम' तो हाच. लहानमोठ्या अक्षरांतील फरकही लिनक्सवर चालत नाही.

तथापि एक अपवाद आहे. मुख्य क्लास ज्या क्लासचा वारसा घेतो तो एखाद्या लायब्ररीत असेल आणि ती लायब्ररी नसेल, तरीही जावा हाच संदेश देते. त्याखाली 'कॉज्ड बाय' ची ओळ असल्यास ती अवश्य वाचावी.

मराठी वाचकांकडून येणारा एक खास प्रकार येथेच नोंदवतो. विंडोजवर फोल्डरचे किंवा वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असेल, उदाहरणार्थ 'माझे प्रोग्राम', तर सर्व काही बरोबर असूनही क्लास सापडत नाही. विंडोजवरील 'जावा' ही आज्ञा आपल्याला मिळालेला मजकूर जुन्या पद्धतीच्या कोडपेजमधून वाचते, त्या कोडपेजमध्ये देवनागरी अक्षरे नसतात, आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटून मार्ग बदलून जातो. प्रकल्प रोमन नावाच्या, शक्यतो रिकामी जागा नसलेल्या फोल्डरमध्ये हलवावा. वापरकर्त्याचेच नाव देवनागरीत असेल तर मेव्हनच्या सेटिंग्ज फाइलमध्ये 'लोकल रिपॉझिटरी'साठीही वेगळा, रोमन नावाचा फोल्डर नेमून द्यावा.

८. डेटाबेसला जोडताना 'नो सुटेबल ड्रायव्हर फाउंड' असे येते. ड्रायव्हरची जार तर फोल्डरमध्ये आहे!

फोल्डरमध्ये असणे आणि क्लासपाथवर असणे वेगळे. आधी प्रश्न ४ आणि ५ प्रमाणे तपासावे. त्यानंतर जोडणीचा पत्ता तपासावा, कारण प्रत्येक ड्रायव्हर पत्त्याची सुरुवात पाहून 'हा माझा' किंवा 'हा माझा नाही' असे ठरवतो. 'जेडीबीसी:मायएसक्यूएल:' मधील एक अक्षर गळले तर जार असूनही तो हात वर करतो.

जावा ६ सोबत आलेल्या जेडीबीसी ४ पासून 'क्लास.फॉरनेम' ही ओळ सहसा लागत नाही, कारण जारमधील 'मेटा-आयएनएफ/सर्व्हिसेस' या फोल्डरमधून ड्रायव्हर आपोआप ओळखला जातो. टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर मात्र हा शोध संपूर्ण जेव्हीएमसाठी एकदाच होतो, म्हणून 'वेब-आयएनएफ/लिब' मध्ये ठेवलेला ड्रायव्हर त्यातून सुटू शकतो. तेथे ती जुनी ओळ लिहिलेली बरी. मायएसक्यूएलच्या कनेक्टर ८ पासून क्लासचे नाव 'कॉम.मायएसक्यूएल.सीजे.जेडीबीसी.ड्रायव्हर' असे आहे, आणि ८.०.३१ पासून मेव्हनमधील नावही बदलून 'मायएसक्यूएल-कनेक्टर-जे' झाले आहे. जुन्या वहीतून उतरवून घेणाऱ्यांनी हे दोन्ही बदल ध्यानात घ्यावेत.

९. 'एसएलएफ४जे' नावाने काही तरी सापडले नाही असा संदेश येतो, पण प्रोग्राम चालतो. काय करावे?

एसएलएफ४जे ही प्रोग्रामच्या नोंदी (लॉग) लिहिण्यासाठीची लायब्ररी आहे, आणि हा केवळ इशारा आहे. नोंदी कोठे लिहायच्या हे सांगणारी दुसरी जार, उदाहरणार्थ लॉगबॅक, मिळाली नाही म्हणून नोंदी लिहिल्या जाणार नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. नोंदी हव्या असतील तर ती जोडावी, पण एसएलएफ४जे २ सोबत १.७ साठीची जोडणी चालत नाही.

१०. पॉम फाइलमध्ये (मेव्हनच्या प्रकल्प-वर्णनात) डिपेंडन्सी (लागणारी लायब्ररी) लिहिली आहे, तरी मेव्हन ती आणत नाही.

नाव आणि आवृत्ती बरोबर असतील तर तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे आधीचा फसलेला प्रयत्न. नेट नसताना मेव्हनने फाइल मागितली असेल, तर ते अपयश 'एम२' या मेव्हनच्या स्थानिक साठ्याच्या फोल्डरमध्ये 'लास्टअपडेटेड' अशा शेपटीच्या फाइलीत नोंदवले जाते आणि ठरावीक काळ पुन्हा प्रयत्नच होत नाही. आज्ञेत `-यू` जोडल्यास मेव्हनला पुन्हा विचारणे भाग पडते.

दुसरे कारण म्हणजे जुना पत्ता. मेव्हन सेंट्रलने १५ जानेवारी २०२० पासून साध्या एचटीटीपीवरून फाइली देणे बंद केले, आणि मेव्हन ३.८.१ पासून तर अशा बाहेरच्या पत्त्यांना स्वतः मेव्हनच अडवते. पाचसात वर्षांपूर्वीचा प्रकल्प उघडल्यावर अडचण आली तर आधी हे पाहावे.

तिसरे कारण महाविद्यालयांच्या आणि कार्यालयांच्या नेटवर्कवर दिसते. तेथील प्रॉक्सी 'लॉगिन करा' असे पान पाठवते आणि तेच पान जारच्या नावाने जतन होते. मग 'झिप फाइल उघडता आली नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. आम्ही स्वतः एकदा अशा जारवर अख्खी दुपार घालवली. शेवटी ती नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा आत एचटीएमएल निघाले. तेव्हापासून जारचा आकार काही केबीच असेल तर आधी ती उघडून पाहण्याची सवय लागली आहे. अशी फाइल असलेला उपफोल्डर 'एम२'मधून काढून टाकावा. संपूर्ण 'एम२' पुसण्याची गरज नसते.

११. मेव्हनने जार आणली, कंपाइलही झाले, पण चालवताना ती नाहीच.

त्या डिपेंडन्सीचा 'स्कोप' पाहावा. 'प्रोव्हायडेड' म्हणजे कंपाइल करताना वापर, चालवताना दुसरे कोणी पुरवील; सर्व्हलेटची (वेब विनंत्या हाताळणाऱ्या क्लासची) लायब्ररी टॉमकॅट पुरवतो, म्हणून ती अशी लिहितात. तोच कोड टॉमकॅटशिवाय चालवला की ती मिळत नाही. 'टेस्ट' स्कोपमधील लायब्ररी फक्त चाचण्यांपुरती असते. याशिवाय साध्या 'मेव्हन पॅकेज'मधून निघणाऱ्या जारमध्ये लायब्ररी नसतातच. त्यासाठी प्रश्न १६ पाहावा.

१२. क्लास सापडतो, पण 'नोसचमेथडएरर' येते. लायब्ररी आहे आणि मेथड नाही, असे कसे?

कंपाइल करताना एक आवृत्ती होती आणि चालवताना दुसरी पुढे आली. क्लासपाथवर एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या असतील तर जी आधी येते तिच्यातील क्लास घेतला जातो. आणि तारांकित चिन्ह वापरले असेल तर आधी कोणती येईल याची हमी नसते. म्हणूनच हा प्रोग्राम एका संगणकावर चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही.

याचे सर्वपरिचित उदाहरण हडूप ३.३ या प्रचंड डेटा हाताळणाऱ्या यंत्रणेवर हाइव्ह ३.१.२ हे तिच्यावरील क्वेरी-साधन बसवणाऱ्यांना भेटते. हाइव्ह सुरू होताच 'कॉम.गूगल.कॉमन.बेस.प्रीकंडिशन्स' या क्लासमधील 'चेकआर्ग्युमेंट' ही मेथड नाही असे सांगून ते बंद पडते. हाइव्हच्या 'लिब' फोल्डरमध्ये गूगलच्या ग्वाव्हा या लायब्ररीची १९ ही आवृत्ती असते, हडूप आपल्यासोबत ग्वाव्हा २७ आणतो, आणि संदेशातील विशिष्ट प्रकारची 'चेकआर्ग्युमेंट' ग्वाव्हा २० पासून पुढेच आहे. त्या नावानंतर कंसात जी चमत्कारिक अक्षरे दिसतात, त्यांत 'झेड' म्हणजे बूलियन आणि शेवटचा 'व्ही' म्हणजे काहीही परत न देणारी मेथड; ही अक्षरे वाचता आली की कोणती मेथड हवी होती हे नेमके कळते. उपाय म्हणजे हाइव्हमधील ग्वाव्हा १९ बाजूला काढून तेथे हडूपकडील २७ ची प्रत ठेवणे. दोन्ही शेजारी ठेवल्यास काहीच साधत नाही.

मेव्हनच्या प्रकल्पात `मेव्हन डिपेंडन्सी:ट्री` या आज्ञेने कोणती लायब्ररी कोणामुळे आली ते दिसते. येथे मेव्हन आणि ग्रेडल यांचा स्वभाव वेगळा आहे. दोन आवृत्त्यांत वाद झाला तर मेव्हन झाडात जी मुळाजवळ असेल ती घेते, मग ती जुनी का असेना. ग्रेडल सहसा सर्वांत नवी घेते. मेव्हनवरून ग्रेडलवर गेल्यावर, किंवा उलट, एकाएकी उपटणारी ही त्रुटी त्यातून येते. हवी ती आवृत्ती पॉममध्ये स्वतः नोंदवली की वाद मिटतो. जॅक्सनसारख्या लायब्ररीचे 'कोअर', 'डेटाबाइंड' आणि 'अॅनोटेशन्स' हे भाग नेहमी एकाच आवृत्ती-मालिकेचे ठेवावेत.

तरीही उलगडा होत नसेल तर जेव्हीएमलाच विचारावे. `-व्हर्बोस:क्लास` हा पर्याय दिला की प्रत्येक क्लास कोणत्या फाइलमधून घेतला हे छापले जाते. त्या प्रचंड यादीत आपल्या क्लासचे नाव शोधले की बहुतेक वेळा अनपेक्षित जारचे नाव समोर येते.

१३. जावा ८ वर चालणारा प्रोग्राम जावा ११ किंवा १७ वर 'जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड' नाही असे का म्हणतो?

'जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड' हे जॅक्सबीचे, म्हणजे एक्सएमएल आणि जावा वस्तू यांत रूपांतर करणाऱ्या लायब्ररीचे पॅकेज आहे, आणि जावा ८ मध्ये जॅक्सबी हा जेडीकेचाच भाग होता. सप्टेंबर २०१७ मधील जावा ९ मध्ये तो 'पुढे काढणार' अशा यादीत गेला आणि सप्टेंबर २०१८ मधील जावा ११ मधून काढून टाकला गेला. त्याच्यासोबत जॅक्स-डब्ल्यूएस, अॅक्टिव्हेशन, कोर्बा आणि 'पोस्टकन्स्ट्रक्ट' सारखी अॅनोटेशनेही गेली. `--अॅड-मॉड्यूल्स` देण्याचा जो उपाय जुन्या उत्तरांत सापडतो तो ९ आणि १० वरच चालत होता.

आता या लायब्ररी बाहेरून जोडाव्या लागतात, आणि येथे आवृत्तीची मोठी मेख आहे. 'जकार्ता.एक्सएमएल.बाइंड-एपीआय' या जारच्या २.३.३ या आवृत्तीत पॅकेजचे नाव जुनेच, म्हणजे 'जावाएक्स', आहे. ३ पासून ते 'जकार्ता' झाले. जुना कोड न बदलता चालवायचा असेल तर २.३ ची मालिका घ्यावी, आणि एपीआयसोबत 'जॅक्सबी-रनटाइम' ही जारही त्याच मालिकेतील घ्यावी, कारण नुसत्या एपीआयने काम होत नाही.

जावाएफएक्स या खिडक्या-बटणे बनवणाऱ्या लायब्ररीचीही कथा अशीच आहे. ओरॅकलच्या जेडीके ८ सोबत ते मिळत असे, ११ पासून वेगळे मिळते, आणि नसल्यास 'रनटाइम कंपोनंट्स आर मिसिंग' असा संदेश येतो. `--मॉड्यूल-पाथ` आणि `--अॅड-मॉड्यूल्स` देऊन ते जोडावे. याउलट 'अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर' आली तर काहीही हरवलेले नसते. क्लास फाइल नव्या जावासाठी बनवलेली आहे आणि चालवणारा जावा जुना आहे. त्यातील ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१.

१४. टॉमकॅट १० वर नेल्यावर 'जावाएक्स.सर्व्हलेट' सापडत नाही. सगळीकडे 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' लिहावे का?

सगळीकडे नको. डिसेंबर २०२० मधील जकार्ता ईई ९ (सर्व्हर प्रोग्रामांसाठीची जावा मानके) पासून सर्व्हलेट, जेपीए आदींची पॅकेजे 'जकार्ता' या नावाने सुरू झाली. टॉमकॅट ९ जुनी नावे ओळखतो, १० नवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले स्प्रिंग बूट ३ ही नवीच मागते. पण 'जावाएक्स.एसक्यूएल', 'जावाएक्स.स्विंग', 'जावाएक्स.क्रिप्टो' ही जेडीकेची स्वतःची पॅकेजे आहेत आणि ती बदललेली नाहीत. सरसकट शोधून बदलल्यास चालणारा कोडही बिघडतो. जुनी वॉर फाइल (वेब प्रोग्रामची जारसारखी फाइल) तशीच चालवायची असेल तर टॉमकॅट १० मध्ये 'वेबअॅप्स-जावाईई' नावाचा फोल्डर करून त्यात ठेवावी. टॉमकॅट तिचे रूपांतर स्वतः करतो.

१५. 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास' येते. जार आहे, क्लास आहे, आवृत्तीही बरोबर आहे.

क्लास सापडला, पण त्यातील स्टॅटिक भाग चालताना अपयश आले. असे पहिल्यांदा होते तेव्हा 'एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर' येते आणि खरे कारण तिच्या पोटात असते. त्यानंतर तोच क्लास मागितला की अनेकदा फक्त ही दुसरी तक्रार छापली जाते. म्हणून नोंदींच्या फाइलमध्ये वर वर जाऊन पहिली त्रुटी शोधावी. तेथे न मिळालेली सेटिंग्जची फाइल, किंवा प्रश्न १७ मधील प्रकार आढळतो.

१६. सगळ्या लायब्ररी एकाच मोठ्या जारमध्ये भरल्या, तरी चालवताना काही तरी सापडत नाही.

अशा 'फॅट जार'मध्ये लायब्ररी उलगडून एकत्र ओतल्या जातात, आणि दोन लायब्ररींत एकाच नावाची फाइल असेल तर एक दुसरीला पुसून टाकते. क्लास फाइलींचे सहसा बिघडत नाही. बिघडते ते 'मेटा-आयएनएफ/सर्व्हिसेस' मधील फाइलींचे, कारण त्यांची नावे अनेक जारींत तीच असतात. मग प्रश्न ८ मधील ड्रायव्हर जारमध्ये असूनही ओळखला जात नाही. मेव्हनच्या शेड प्लगइनमध्ये 'सर्व्हिसेस रिसोर्स ट्रान्सफॉर्मर' जोडल्यास या फाइली एकमेकींत मिसळल्या जातात, पुसल्या जात नाहीत.

'इनव्हॅलिड सिग्नेचर फाइल डायजेस्ट' असा संदेश आला तर एखाद्या लायब्ररीची डिजिटल सही नव्या जारमध्ये आली आहे आणि ती आता जुळत नाही. 'मेटा-आयएनएफ' मधील एसएफ, डीएसए आणि आरएसए या शेपट्यांच्या फाइली वगळाव्यात.

१७. 'अनसॅटिस्फाइडलिंकएरर' ही कोणती लायब्ररी मागते? क्लासपाथवर सर्व काही आहे.

ती जार मागत नाही. विंडोजवरील डीएलएल किंवा लिनक्सवरील एसओ फाइल मागते. क्लासपाथमध्ये या फाइली शोधल्या जात नाहीत. त्यांचा मार्ग 'जावा.लायब्ररी.पाथ' या प्रॉपर्टीतून मिळतो. फाइल जागेवर असूनही त्रुटी आली तर ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत पाहावी. 'डिपेंडंट लायब्ररीज' असा उल्लेख असेल तर ती फाइल मिळाली आहे, पण तिला लागणारी पुढची फाइल मिळालेली नाही. लिनक्सवर `एलडीडी` या आज्ञेने ती कळते.

एक्सेल फाइल बनवणारा कोड आपल्या संगणकावर चालतो आणि सर्व्हरवर पडतो, ही तक्रार याच जातीची आहे. अपाचे पीओआयमध्ये स्तंभांची रुंदी आपोआप ठरवताना अक्षरांची मापे घ्यावी लागतात आणि त्यासाठी फाँटची यंत्रणा लागते. लहान ठेवलेल्या डॉकर प्रतिमांत फ्रीटाइप आणि फाँटकॉन्फिग नसतात. ती पॅकेजे बसवावीत. अल्पाइन लिनक्सवर आणखी एक अडचण असते : तेथे ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असल्यामुळे ग्लिबसीसाठी बनवलेल्या एसओ फाइली बहुधा चढत नाहीत.

१८. टॉमकॅटवर 'अमुक क्लासचे रूपांतर अमुक क्लासमध्ये होत नाही' असे येते, आणि दोन्ही नावे तीच आहेत!

जेव्हीएमच्या दृष्टीने क्लासची ओळख नाव आणि तो आणणारा क्लासलोडर अशी दोघांची मिळून असते. एकच जार टॉमकॅटच्या सामाईक 'लिब' मध्ये आणि आपल्या 'वेब-आयएनएफ/लिब' मध्येही ठेवली, तर एकाच नावाचे दोन वेगळे क्लास तयार होतात. लायब्ररी सापडत नव्हती म्हणून घाबरून ती 'सगळीकडे' टाकली गेली, की काही दिवसांनी हा प्रश्न येतो. जार एकाच जागी ठेवावी. एकाहून अधिक अॅप्लिकेशनांना तिच्या वस्तू एकमेकांना द्यायच्या असतील तरच सामाईक जागी, एरवी अॅप्लिकेशनमध्ये. सर्व्हलेट एपीआयची जार मात्र 'वेब-आयएनएफ/लिब' मध्ये कधीच ठेवू नये. टॉमकॅट त्यातील क्लास घेत नाही, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या 'जार नॉट लोडेड' अशी नोंद करून पुढे जातात. ती नोंद दिसली तर ती जार वॉर फाइलमधून काढून, प्रश्न ११ मध्ये सांगितल्याप्रमाणे तिचा स्कोप 'प्रोव्हायडेड' करावा.